पदरची वाक्यं

गुणवंत सबनीस हा मोठा विनोदी नट होता की चांगल्या नाटकांचं वाटोळं करणारा माणूस होता, यावर दिल्लीतल्या मराठी मंडळींचं तो जिवंत असताना एकमत झालं नाही. तो गेल्यावर तर व्हायचा प्रश्नच नव्हता. लक्ष्मीबाई नगरात एकाच जिन्यावर समोरासमोर राहणाऱ्या दोन बायका या वादापायी एकमेकींकडे हळदीकुंकवाला जाईनाशा झाल्या होत्या. एवढ्याशा गोष्टीवरून, असं कुणाला वाटेल. पण परमुलखात राहणाऱ्या माणसांना भांडायलासुद्धा आपलंच काहीतरी लागतं, आणि दिवसभर हिंदी-इंग्रजीत फायली ढकलून घरी येणाऱ्या या माणसांकडे आपलं म्हणावं असं वर्षाकाठी एकच होतं, ते म्हणजे गणपतीतलं नाटक.

या वादात ज्याचं मत कुणी कधी विचारलं नाही, तो श्यामकांत देवस्थळी. खरं तर विचारायचं तर त्यालाच विचारायला हवं होतं. हे नाटक बसवणाऱ्या मंडळाचा तो कायमचा प्रॉम्प्टर. उजव्या विंगेत, पडद्याच्या दोरीजवळ एका बुटक्या स्टुलावर तो बसायचा. मांडीवर नाटकाचं पुस्तक आणि हातात रुमाल गुंडाळलेला टॉर्च, म्हणजे उजेड पानापुरताच पडावा. प्रेक्षकांना नट समोरून दिसतो. श्यामकांतला गुणवंत कडेनं दिसायचा, घामासकट, आणि वाक्य तोंडातून बाहेर पडायच्या आधी त्याच्या गालात कसं घोळतं तेही दिसायचं.

दोघं छप्पन साली एकाच महिन्यात दिल्लीला आले. गुणवंत एका मंत्रालयात असिस्टंट, श्यामकांत दुसऱ्या एका खात्याच्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये. लग्नं होईपर्यंत दोघांनी एक खोली आणि एक स्टोव्ह वाटून घेतला होता. गुणवंत उंचीनं बेताचा, दात किंचित पुढे, आणि चेहऱ्यावर सदा असा भाव, की कुणीतरी त्याला आत्ताच चुकीच्या बसमध्ये बसवून दिलंय. एरवी बोलायला अगदी मुखदुर्बळ. भाजीवाल्याशी घासाघीस करायची तर बायकोला, अलकनंदाला, पुढे करायचा. या माणसाला रंगमंचावर ढकललं की मात्र त्याच्या अंगात कोण यायचं, देव जाणे.

त्याचं पाठांतर पक्कं होतं, हे आधी सांगायला हवं, कारण त्याला वाक्यं आठवत नाहीत म्हणून तो काहीबाही बोलतो असं त्याचे विरोधक पसरवत. खोटी गोष्ट. तालमीत तो पुस्तकातलं अक्षर न अक्षर बोलायचा. पण प्रयोगाच्या दिवशी समोर पाचशे माणसं बसली, की त्याला पुस्तकाबाहेरचं सुचायचं. पुस्तकात नसलेलं वाक्य पदरचं घालायचं, याला नाटकवाले ॲडिशन घेणं म्हणतात. सहासष्ट साली पहिल्या अंकात मागची भिंत, म्हणजे रंगवलेला फ्लॅट, हळूहळू पुढे कलायला लागली. नायिका किंचाळली. गुणवंतनं पाठीनं भिंत तोलून धरली आणि शांतपणे म्हणाला, “घाबरू नका. सरकारी क्वार्टर आहे. कंप्लेंट लिहून आलोय, पुढच्या गणपतीपर्यंत मिस्त्री येईल.” हॉलमध्ये बसलेला प्रत्येक माणूस सरकारी क्वार्टरमध्ये राहणारा. हशा थांबेना. मागून कुणीतरी भिंतीला टेकू लावेपर्यंत त्यानं आणखी सात वाक्यं घेतली, आणि आठव्याला अलगद पुस्तकात येऊन उतरला.

एकोणसत्तर साली ऐन प्रयोगात वीज गेली. अंधारात त्याचा आवाज आला, “बसा बसा, उठू नका. दिल्लीत सगळं अंधारातच ठरतं.” एका वर्षी साखर मिळत नव्हती. नाटकात त्याला चहा दिला तर एक घोट घेऊन म्हणाला, “साखर नाही? असू दे. सकाळी रेडिओवर मंत्र्यांचं भाषण ऐकलंय, तोंड अजून गोडच आहे.”

आता दुसरी बाजूही ऐका, कारण तीही खोटी नव्हती. हेमलता कर्णिक ही मंडळाची नायिका. ऑफिस, घर, दोन पोरं सांभाळून ती दोन-दोन महिने तालमीला यायची, आणि तिचं जे एक टाळीचं वाक्य असायचं, तिथं पोचायच्या आधीच गुणवंत कुठल्या तरी गल्लीत शिरलेला असायचा. “आम्ही काय त्यांच्या मागे उभे राहायला आलोय?” असं म्हणून एकदा ती मेकअपच्या खोलीत रडली होती. पुढच्या दोन रांगांतल्या जुन्या जाणत्या मंडळींचं म्हणणं, लेखकानं वर्षभर घासून लिहिलेलं वाक्य पुसून त्याजागी आपला फुटकळ विनोद चिकटवायचा हक्क या माणसाला दिला कुणी? मागच्या रांगा म्हणत, लेखक गेला खड्ड्यात, आम्ही गुणवंतसाठी येतो.

श्यामकांत कोणत्या बाजूचा? हे त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. पुस्तकावर त्याची श्रद्धा होती. जे लिहिलंय ते बोललं गेलं पाहिजे, या विचारानं तो स्टुलावर बसायचा, त्यामुळे ॲडिशन सुरू झाली की त्याचं पित्त खवळायचं. आणि तरीही ती संपेपर्यंत त्याचा श्वास अडकलेला असायचा, आणि गुणवंत जिथं परत पुस्तकात उतरेल नेमकं तिथं त्याचं बोट तयार असायचं. वीस वर्षांत त्याचं पान एकदाही हरवलं नाही. याचा त्याला भारी अभिमान. पण प्रॉम्प्टरच्या अभिमानाला टाळ्या कोण वाजवणार?

मग त्यानं आपल्यापुरती एक सोय केली. रेकॉर्ड सेक्शनचा माणूस. प्रयोग चालू असतानाच तो पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं गुणवंतची ॲडिशन शब्दशः टिपून घ्यायचा. बाजूला तारीख. खाली ‘इथून परत’ अशी खूण. आणि शेवटी शेरा: ‘हशा मोठा’, ‘हशा बरा’, ‘हशा नाही’. अशा अकरा नाटकांच्या अकरा प्रती त्याच्या ट्रंकेत वर्षवारीनं लावलेल्या होत्या. गुणवंतला त्या ठाऊक होत्या. “श्याम्या, मी मेल्यावर या छापशील ना रे?” असं तो थट्टेनं विचारायचा, आणि श्यामकांत म्हणायचा, “छापीन, चुकांसकट.”

शहात्तरचा गणपती आला. आणीबाणीला वर्ष उलटून गेलं होतं. दिल्लीत माणसं बसमध्येसुद्धा हवापाण्याविषयी बोलत, तेही जपून. नसबंदीच्या केसेस आणायचा कोटा ऑफिसांना ठरवून दिला होता, शाळामास्तरांनाही दिला होता. मास्तर संध्याकाळी दारोदार फिरत, हाता-पाया पडत. मंडळानं त्या वर्षी शहाणपणा करून जुनं, निरुपद्रवी नाटक निवडलं, ‘सव्वा महिन्याचा पाहुणा’. हॉलच्या परवानगीसाठी नाटकाची प्रत आधी द्यावी लागली, तीवर शिक्का बसून आला. मंडळाचे सेक्रेटरी भाऊसाहेब निमकर यांनी गुणवंतला बाजूला घेऊन बजावलं, “गुणवंतराव, या वर्षी पुस्तकाबाहेर जायचं नाही. बिल्कुल नाही.” त्यानं मान डोलावली. श्यामकांत शेजारीच होता. गुणवंतनं खरंच मनापासून मान डोलावली होती, हे तो शपथेवर सांगायला तयार होता.

दोन अंक सुरळीत गेले. तिसऱ्या अंकात पाहुणा एकटाच घरात आहे, दाराची कडी वाजते, तो विचारतो, “कोण आहे?” आणि शेजारीण आत येते. त्या दिवशी शेजारीण आली नाही. साडीची पिन तुटली होती म्हणे. कडी पुन्हा वाजली, कारण वाजवणाऱ्याला वाटलं पहिली ऐकू गेली नसेल. श्यामकांतला गुणवंतचा गाल दिसला. तो हलला.

“मास्तर असाल तर पुढच्या घरी जा!” गुणवंत दाराकडे ओरडला. “आमच्या घरात आता कुणी उरलं नाही. मला दोनदा नेऊन आणलाय! एकदा आमच्या सेक्शनच्या कोट्यात, एकदा साहेबांच्या!”

मागच्या रांगांतून हशाचा स्फोट झाला, आणि अर्ध्यावर तुटला. हसलेल्यांनी शेजारी पाहिलं. पुढच्या रांगांतलं कुणी हललंसुद्धा नाही. तेवढ्यात शेजारीण धडपडत आत आली आणि नाटक पुढे सरकलं. सवयीनं श्यामकांतची पेन्सिल चालली होती. वाक्य, तारीख, ‘इथून परत’. शेरा काय लिहावा, यावर तो क्षणभर थबकला. मग लिहिलं, ‘हशा अर्धा’.

प्रयोगानंतर मेकअपच्या खोलीत दरवर्षी पाय ठेवायला जागा नसे. त्या दिवशी श्यामकांतखेरीज कुणीही आलं नाही. गुणवंत खोबरेल तेलानं तोंडाचा रंग पुसत होता. “बाहेर पडलं रे,” एवढंच म्हणाला.

नवव्या दिवशी त्याच्या खात्यातून त्याला निलंबनाचं पत्र मिळालं. हॉलमधल्याच कुणीतरी मराठी माणसानं तक्रार केली होती. कोणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि म्हणून पुढची कितीतरी वर्षं प्रत्येकानं प्रत्येकाकडे संशयानं पाहिलं. चौकशीसाठी मुद्दाम मराठी जाणणारा अधिकारी नेमला, श्रीरंग पाठारे. आरोप एकाच वाक्याचा होता. शिक्का बसलेल्या पुस्तकात ते नव्हतंच; तो ते बोलला की नाही, एवढाच मुद्दा.

भाऊसाहेबांचा हिशेब सरळ होता. ते श्यामकांतच्या घरी आले आणि म्हणाले, “तुमची ती पेन्सिलवाली प्रत जाळून टाका. पाठारे विचारतील, तेव्हा सांगायचं की मला नीट ऐकू आलं नाही, गोंधळ होता. प्रॉम्प्टरनंच ऐकलं नाही म्हटल्यावर काय सिद्ध करतात ते बघू.”

श्यामकांतला ते पटलं नाही. मला ऐकू आलं नाही? वीस वर्षांत त्याला ऐकू आलं नव्हतं असं एक वाक्य दाखवा. रात्रंदिवस रेकॉर्डमध्ये वावरलेला माणूस तो. त्याचा अनुभव असा, की माणूस फसतो तो अर्धवट कागदामुळे. फाईल पुरी असली की तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. त्याच्या डोक्यात एक गोष्ट लख्ख बसली: या एका वाक्यावर गुणवंत राजकारणी ठरतो आहे. पण अकरा वर्षांच्या सगळ्या ॲडिशन समोर ठेवल्या, तर कुठल्याही शहाण्या माणसाला दिसेल की हा याचा स्वभावच आहे. भिंत पडली तरी बोलतो, वीज गेली तरी बोलतो. यात सरकारचा काय संबंध?

घरी त्याची बायको प्रमोदिनी म्हणाली, “अहो, अलकनंदावहिनींना एकदा विचारा तरी.” त्यानं विचारलं नाही. अकरा प्रती कापडी पिशवीत भरल्या आणि बसनं गेला.

पाठाऱ्यांनी चहा मागवला. माणूस सभ्य होता, हळू बोलायचा. त्यांनी एकेक प्रत उघडली, समास वाचले, मध्ये दोनदा हसलेही. “देवस्थळी,” ते म्हणाले, “इतकं व्यवस्थित रेकॉर्ड मी आमच्या खात्यातही पाहिलेलं नाही. एकही पान चुकलेलं नाही तुमचं.”

वीस वर्षांत हे वाक्य त्याला पहिल्यांदा ऐकायला मिळत होतं. त्याची छाती फुगली, हे तो पुढे स्वतःशी कधी नाकारू शकला नाही. तो खुर्चीत पुढे सरकला आणि समजावून सांगू लागला, की ही खूण कसली, तो शेरा कसला, वीज गेली तेव्हाची ॲडिशन कोणती आणि साखरेची कोणती. पाठारे लिहून घेत होते. शेवटच्या प्रतीवर त्यांचं बोट थांबलं.

“हशा अर्धा. म्हणजे कोणता अर्धा?”

“म्हणजे... काही हसले, काही नाही.”

“कोण कोण हसलं?”

श्यामकांत खुर्चीत मागे सरकला. “साहेब, मी पुस्तकात बघतो. प्रेक्षकांत बघत नाही.”

“हरकत नाही,” पाठारे म्हणाले, आणि अकरा प्रती जमा केल्याच्या कागदावर त्याची सही घेतली.

अहवालात जे आलं ते सगळ्यांना पुढे कळलं. एका वाक्याचा आरोप होता, त्याचा ‘अकरा वर्षं सातत्यानं, जाहीर व्यासपीठावरून, सरकारची बदनामी’ असा झाला. अंधार, साखर, मंत्र्यांचं भाषण, पडकी क्वार्टर, सगळं तारीखवार, प्रेक्षकांच्या प्रतिसादासह, आणि सगळं श्यामकांतच्या सुबक अक्षरात. एका दुपारी दोन माणसं आली आणि गुणवंतला घेऊन गेली. एकोणीस दिवस तो आत होता. तिथं काय झालं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. बाहेर आला तेव्हा त्याच्या मानेला एक नवीन सवय लागली होती. बोलायच्या आधी तो मागे वळून बघायचा.

निलंबनाच्या त्या महिन्यांत लक्ष्मीबाई नगरातल्या त्याच्या दाराची कडी कुणी वाजवली नाही. मागच्या रांगांत पोट धरून हसलेले सगळे रस्त्याच्या पलीकडून जायचे. श्यामकांत तीनदा गेला. दोनदा दार उघडलं नाही. तिसऱ्यांदा अलकनंदानं उघडलं आणि म्हणाली, “झोपलेत ते.” सकाळचे अकरा वाजले होते. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज श्यामकांतला स्पष्ट ऐकू आला. ऐकू येण्यात तो कधी चुकला नव्हता.

सत्त्याहत्तरमध्ये सरकार बदललं, गुणवंतला पुन्हा कामावर घेतलं, प्रकरण मिटलं. फाईल मिटली की माणसाचंही मिटलं, असं सगळ्यांनी धरून चाललं. भाऊसाहेब हार घेऊन त्याच्या घरी गेले. अठ्ठ्याहत्तरच्या गणपतीत त्याचं नाव लागलं तेव्हा तिकिटं दोन दिवसांत संपली. माणसं फरिदाबादहून, गाझियाबादहून आली. आता काय काय बोलतो बघा, म्हणत आली. आता बोलायला मुभा होती.

पहिल्या तालमीला गुणवंत श्यामकांतसमोर येऊन उभा राहिला. श्यामकांतनं दोन वर्षं मनाशी वाक्यं जुळवून ठेवली होती. गुण्या, मला वाटलं होतं सगळं दाखवलं की तू सुटशील. शिव्या दे, पण बोल. तोंड उघडायच्या आत गुणवंत म्हणाला, “श्यामकांतराव, आपण जरा मोठ्यानं प्रॉम्प्ट कराल का? मला आता विसरायला होतं.”

श्यामकांतराव. आपण. ज्याच्याबरोबर एका ताटात जेवलो त्याच्या तोंडून हे ऐकणं फार वाईट. श्यामकांतच्या तोंडातली सगळी वाक्यं वाळून गेली. “हो,” तो म्हणाला.

आणि प्रयोगात गुणवंतनं पुस्तकातलं अक्षर न अक्षर म्हटलं. स्वल्पविरामाला थांबला. पूर्णविरामाला थांबला. मध्ये एका नटाची मिशी सुटली, हॉल कान टवकारून बसला, आणि गुणवंत मिशीकडे न बघता पुढचं वाक्य म्हणाला. पूर्वी त्याची नजर विंगेकडे कधी वळत नसे. आता दर वाक्याआधी वळायची, पुस्तकावर जायची आणि मगच तोंड उघडायचं.

लोकांची पुन्हा दोन मतं झाली, फक्त माणसं जागा बदलून बसली. पुढच्या रांगा म्हणाल्या, आता कुठं हा खरा नट झाला, संयम आला. मागच्या रांगांतले काही मध्यंतरात उठून गेले. हा गुणवंत नाहीच, म्हणाले. हेमलताला तिचं टाळीचं वाक्य मिळालं, टाळीही मिळाली. पण नंतर मेकअपच्या खोलीत ती श्यामकांतला म्हणाली, “भावजी, आज मला फार भीती वाटली. समोर माणूस नाहीच असं वाटत होतं.”

असं पाच वर्षं चाललं. श्यामकांतनं प्रॉम्प्टिंग सोडलं नाही. पुस्तकाचे समास कोरेच राहिले. दर प्रयोगाला तो त्याच्या गालाकडे बघत बसायचा. एक वाक्य घे रे बाबा, एकच घे, माझ्या नावानं घे. मला चुगलखोर म्हण, चारचौघांत म्हण. आपण त्याला वाचवायला गेलो होतो की त्याला एकदाचा पुस्तकात बसवायला गेलो होतो, हा प्रश्न त्याला पोखरत होता, आणि त्याचं उत्तर गुणवंतच देऊ शकेल असं त्याच्या मनानं घेतलं होतं. राग असो, माफी असो, दोन्हींतलं एक काहीतरी त्याला हवं होतं.

त्र्याऐंशी साली नवीन सेट बनवला. रंग ओला राहिला, हवा दमट, मधलं दार फुगलं. दुसऱ्या अंकात गुणवंत म्हणाला, “ही बघा, आलीच ती!” आणि हेमलतानं पलीकडून दार ढकललं, ते उघडेना. फ्लॅट नुसता हादरला. पुन्हा ढकललं. उघडेना.

हॉल गप्प झाला. जुन्या लोकांना कळलं की हीच ती वेळ. माणसं खुर्चीत पुढे सरकून बसली. मागून कुणीतरी ओरडलं, “घे रे गुणवंत, घे!” हशा पिकला, टाळ्या पडल्या, आणि मग सगळे थांबले. पाचशे माणसं एका वाक्याची वाट बघत होती.

गुणवंत मध्यभागी उभा होता. त्यानं दाराकडे पाहिलं, प्रेक्षकांकडे पाहिलं, मग तो संथपणे चालत उजव्या विंगेशी आला. श्यामकांतच्या मांडीवरच्या पानावर पुढचं वाक्य हेमलताचं होतं. गुणवंतसाठी तिथं काही लिहिलेलं नव्हतं.

“घे,” श्यामकांत कुजबुजला. “काहीही घे, गुण्या. घे ना.”

गुणवंत किंचित वाकला. पुस्तकाकडे बघत, अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं, “पुस्तकात आहे का?”

गुणवंत तसाच वाकलेला, वाट बघत. शेवटी कुणीतरी पडदा पाडला. त्यानंतर गुणवंतनं नाटकात काम केलं नाही.

सहा वर्षांनी तो निवृत्त झाला, सरकारी घर सोडून मुनिरक्यात भाड्याच्या दोन खोल्यांत गेला, आणि पहिल्याच थंडीत न्यूमोनियानं वारला. शोकसभा कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहातल्या हॉलमध्ये झाली, एका रविवारी सकाळी. भाऊसाहेब बोलले. नाट्यकलेची शिस्त या विषयावर कुणीतरी बोललं. मागून एक जण उठून म्हणाला, “शिस्त कसली? तो शहात्तरलाच मेला, तुम्ही आज सभा घेताय.” थोडी बाचाबाची झाली. वातावरण सैल करायला मंडळाचा नवा सेक्रेटरी म्हणाला, “देवस्थळीकाका, तुम्ही सगळ्यांत जवळून ऐकलंय. काकांची एखादी छानशी ॲडिशन सांगा ना.”

श्यामकांत उठला. अकरा प्रती परत मिळाल्या नव्हत्या, पण त्याला सगळं तोंडपाठ होतं. भिंत सांगता आली असती, साखर सांगता आली असती. त्यानं त्र्याऐंशीचं दार सांगितलं. फुगलेलं दार, हादरणारा फ्लॅट, थांबलेला हॉल. कबुली द्यायलाच तो उभा राहिला होता. आता सगळं सांगायचं, प्रती कोणी नेऊन दिल्या तेही, असं त्यानं ठरवलं होतं. “मी म्हटलं, काहीही घे,” तो म्हणाला. “तर मला विचारतो, पुस्तकात आहे का?”

हॉल हसला. सभेतला सगळ्यांत मोठा हशा होता तो. तरुण माणसं मांडीवर थाप मारून हसली. पुढच्या दोन रांगांतले म्हातारे खाली बघत बसले. पुढचं बोलायला श्यामकांतनं तोंड उघडलं, पण हशा थांबेना, आणि थांबला तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. तो खाली बसला.

माणसं पांगल्यावर तो अलकनंदाजवळ गेला. ती खुर्चीवर एकटीच होती, मांडीवर गुणवंतचा हार घातलेला फोटो आडवा.

“वहिनी,” तो म्हणाला, “सात वर्षं झाली, मला ते वाक्य सोडत नाही. तो चेष्टेत म्हणाला असेल, तर त्यानं मला माफ केलं. टोचून म्हणाला असेल, तर तेही मला पावलं. तुम्हाला काही बोलला होता का? काय होतं ते?”

अलकनंदानं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तिला फक्त नवल वाटलेलं दिसत होतं.

“चेष्टा कसली, भावजी? ते खरंच विचारत होते,” ती म्हणाली. “त्या दिवशी घरी आले ते थरथरत. शर्ट पिळून निघावा इतका भिजलेला. मला चारचारदा विचारलं, मी पुस्तकाबाहेरचं काही बोललो नाही ना गं? तू होतीस ना, तू ऐकलंस ना? मी म्हटलं, नाही बोललात. तेव्हा कुठे दोन घास जेवले.”

मग तिनं फोटो उचलून छातीशी धरला आणि उठली. “तुमच्याबद्दल म्हणाल तर ते चांगलं-वाईट कधीच काही बोलले नाहीत. तुमचा विचार करायला त्यांना भीतीतून सवड कुठे होती?”

श्यामकांतनं मान हलवली. तिला रिक्षापर्यंत पोचवायला हवं, हे त्याला कळत होतं. पण ती दाराबाहेर गेली तरी तो तिथंच उभा होता, आणि सतरंजी गुंडाळणाऱ्या माणसांनी त्याला दोनदा बाजूला व्हायला सांगितलं.